‘तिसरी भाषा’ शिकवायला जाण्याआधी

मणियार सर,

गुरुवारचा तुमचा तास मला दिला आहे. साडेअकराचा, दुसऱ्या मजल्यावरचा, तोच चढत्या पायऱ्यांचा वर्ग, जिथला माइक तुम्ही कधी हातात घेतला नाहीत. तुम्ही जाऊन आज बारा दिवस झाले. वेळापत्रकातल्या तुमच्या नावावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवायला ऑफिसला दोनच दिवस लागले. हे ऐकून तुम्ही चष्मा पुसत म्हणाला असतात, "बघा, आपलं ऑफिस मनात आणलं तर किती चपळ आहे."

तास तुमचा असला तरी त्यात चर्चेला घ्यायची केस मी लिहिलेली आहे. ‘तिसरी भाषा’. सहा वर्षं ती तुम्ही शिकवलीत आणि मी दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकली. उद्या ती शिकवायची, की गुपचूप दुसरी एखादी केस काढून मुलांपुढे ठेवायची, हे मला आजपर्यंत ठरवायचं होतं. ठरलं आहे. पण कसं ठरलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला त्या वर्गात पाऊल टाकता येणार नाही.

आधी तुमच्या शोकसभेचा अहवाल देते, कारण तो तुम्हाला दुसरं कुणी देणार नाही. एकूण सात भाषणं झाली. ‘पोकळी’ हा शब्द अकरा वेळा आला. डायरेक्टर म्हणाले की मणियार सर अत्यंत मृदुभाषी होते, तेव्हा मागच्या रांगेतल्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. मलाही मान खाली घालावी लागली. रडायच्या तयारीने गेले होते आणि हसू आवरत बसले. तुम्ही असतात तर प्रत्येक भाषणानंतर एवढंच विचारलं असतंत, "म्हणजे नक्की काय म्हणायचं आहे? वाक्य सांगा."

वाक्य सांगा. ह्या दोन शब्दांनी तुम्ही किती मुलांना घाम फोडलात! मी अमरावतीहून इथे नोकरीला आले तेव्हा केस म्हटलं की मला कोर्टच आठवायचं. तुम्ही मला स्टाफरूममध्ये बसवून सांगितलंत, "बाई, कुठल्या तरी कारखान्यात, दुकानात खरोखर अडलेली गोष्ट घ्यायची. नावं बदलायची. आठ पानांत लिहायची. आणि जिथे माणूस अडला तिथेच थांबायचं. पुढचं मुलांनी बोलायचं." मला वाटलं, ह्यात शिकवण्यासारखं काय आहे? मग तुमच्या तासाला बसले. एक मुलगा ऐटीत म्हणाला, "मॅनेजरने टीमशी कम्युनिकेशन इम्प्रूव्ह करायला हवं." तुम्ही खडू खाली ठेवलात. "उत्तम. उद्या सकाळी नऊ वाजता तो दारातून आत येतो. समोर चिडलेला फोरमन उभा आहे. तो तोंड उघडतो आणि काय म्हणतो? वाक्य सांगा." ते वाक्य सापडायला त्या दिवशी पाऊण तास लागला. मी तोपर्यंत कॉलेजांतून संवादकौशल्य शिकवत आले होते. माझ्या जवळपास सगळ्या नोट्स बिनवाक्याच्या आहेत, हे मला त्या पाऊण तासात कळलं.

आपलं जमलं ते भांडणांवर. तुम्ही पोरांना स्वारगेटला घेऊन गेलात आणि एसटीच्या चौकशीच्या खिडकीसमोर दोन तास उभं केलंत. लोक काय विचारतात आणि खिडकीतून काय उत्तर येतं, ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं. परत येताना तुम्ही म्हणालात, "हा माणूस अर्ध्या वाक्याच्या वर बोलत नाही आणि कुणाची बस चुकत नाही. संवाद म्हणतात तो हा." मी म्हणाले, "काहून हो सर, ‘ताई, सातव्या फलाटावर’ म्हणालं तर जीभ झिजते का? तेवढ्या एका ‘ताई’ने माणसाचा प्रवास सुखाचा होतो." तुम्ही म्हणालात, "तुमच्या वऱ्हाडात होत असेल. आमच्याकडे ‘ताई’ म्हटलं तर बाई विचारते, ओळख आहे का आपली?" हे भांडण त्या दिवशी बसमध्ये सुरू झालं आणि कधीच संपलं नाही. कमी बोलणं म्हणजे नेमकं बोलणं, हे तुमचं म्हणणं. कमी बोलणाऱ्याच्या जिभेला धार येते आणि ती समोरच्याला लागते, हे माझं. आपल्या शेवटच्या चहालाही आपण ह्यावरच होतो. तुम्ही कप ठेवलात, "उद्या बोलू" म्हणालात आणि तासाला गेलात.

पण तुमच्या त्या रीतीचं मूळ मला एकदाच दिसलं आणि त्यानंतर मी तुमच्यावर मनापासून चिडू शकले नाही. बुधवार पेठेत पुस्तकं आणायला गेलो होतो तेव्हा तुम्ही मला गल्लीतल्या तुमच्या बांगड्यांच्या दुकानात नेलंत. तुमचे अब्बा तेव्हा थकले होते, पण गादीवर बसून एका नव्या नवरीला चुडा भरत होते. मुलीचा हात भीतीने ताठ. अब्बा बांगडीकडे बघतच नव्हते. "माहेर कुठलं? भाऊ किती? धाकटा खोडकर असेल," असं काहीबाही विचारत होते, ती उत्तरं देत होती आणि हात आपोआप सैल पडत होता. डझनभर बांगड्या चढल्या तरी तिला कळलं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "मी मॅनेजमेंट इथे शिकलो. हात ताठ असताना जोर लावला तर बांगडीही जाते आणि गिऱ्हाईकही." मग थोडं चालून म्हणालात, "अब्बांसारखा हात मला नाही. मला जोर लावायची सवय आहे."

त्यानंतर काही वर्षांनी तुम्ही तो जोर लावलात.

निलेश वाशीमचा. घरात पहिला एमबीए. कोथरूडला कॉट बेसिसवर राहायचा आणि शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावायचा. शेवटच्या सत्राचं प्रेझेंटेशन होतं, परीक्षक आपण दोघं. दुधाच्या वितरणावर बोलत होता. इंग्रजीत सुरुवात केली, तिसऱ्या स्लाइडला अडकला. तुम्ही म्हणालात, मराठीत बोला. इथपर्यंत ठीक होतं. तो मराठीत बोलायला लागला, पण तोवर इतका घाबरला होता की शब्दावर शब्द चढले. आणि तुम्ही, तुमच्या त्या शांत, कोरड्या आवाजात म्हणालात, "इंग्रजीत बोललात, कळलं नाही. मराठीत बोललात, तेही कळलं नाही. आता तिसरी एखादी भाषा काढा, आम्ही थांबतो."

वर्ग फुटला हसून. निलेशने पेन ड्राइव्ह काढला, खिशात टाकला आणि जागेवर जाऊन बसला. पुढचे दोन आठवडे तो कॉलेजात दिसला नाही. मग आला, परीक्षा दिली, पास झाला, चाकणला नोकरीला लागला. तुम्ही त्याच्याशी कधी काही बोललात असं मी पाहिलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्याऐवजी मी केस लिहिली. आपल्यासारख्या लोकांचं हेच असतं. सरळ बोलता येत नाही, मग आठ पानं टाइप करायची. निलेशचा मी ‘अमोल’ केला, दुधाचं औषध केलं, पुण्याचं नाशिक केलं आणि तुमचे ‘प्राध्यापक राजे’ केले. शेवटचा प्रश्न ठेवला: आता प्राध्यापक राजेंनी काय करावं? आणि त्याहून मोठा आचरटपणा म्हणजे, कॉलेजच्या नियमाप्रमाणे प्रत्येक नवी केस तपासायला तुमच्याकडेच जात असे, तशी ही पण पाठवली.

चार दिवसांनी ती माझ्या टेबलावर आली. लाल शाईने पहिल्या पानावर लिहिलं होतं: "प्राध्यापक राजे हे पात्र अतिरंजित वाटतं. इतका उद्धट माणूस शिक्षक म्हणून टिकेल का?" त्याखाली दुसऱ्या एका वेळी लिहिल्यासारखं: "टिकतो. तसंच ठेवा." आणि पाचव्या पानावर, जिथे वर्ग हसतो तिथे, समासात: "त्या वेळी वर्गात दुसरं कुणी जबाबदार माणूस हजर होतं का? असल्यास त्यांनी काय केलं? उल्लेख हवा." त्याखाली मी पेन्सिलीने लिहिलं, "केसच्या संदर्भात आवश्यक नाही," आणि केस छापायला दिली. तुम्ही पुन्हा त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. सहा वर्षांत तुम्ही मला म्हणाला नाहीत की राजे म्हणजे मी. मीही म्हणाले नाही की राजे म्हणजे तुम्ही. तुम्ही स्वतःला ओळखलंत की नाही, इथपासून मला शंका होती.

आणि शिकवलीत कशी! पहिल्याच वर्षी साठ पोरांनी प्राध्यापक राजेंची सालटी काढली. गर्विष्ठ, असुरक्षित, स्वतःच्या विनोदावर खूश असलेला. तुम्ही एकेक आरोप फळ्यावर लिहून घेत होतात, सुवाच्य अक्षरात, आणि कुणी थांबलं तर "आणखी?" म्हणत होतात. मग नेहमीप्रमाणे, "आता राजे अमोलला काय म्हणतील? वाक्य सांगा." दहा-बारा वाक्यं आली. ‘तुझा गैरसमज झाला’, ‘मी तुझ्या भल्यासाठीच’, ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’. तुम्ही सगळी लिहिलीत. मग एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, साध्या मराठीत सांगते. ‘तुम्ही बोलत होतात आणि मी ऐकत नव्हतो. चूक माझी आहे.’"

तुम्ही ते लिहिलंत. मग डस्टर घेऊन बाकीचा सगळा फळा पुसलात. ते एकच वाक्य उरलं. तुम्ही वर्गाकडे तोंड केलंत आणि ते वाचलंत, फळ्याकडे न बघता, वर शेवटच्या रांगेकडे बघत, हळू. "तुम्ही बोलत होतात आणि मी ऐकत नव्हतो. चूक माझी आहे." मग म्हणालात, "तास संपला."

मला वाटलं, काय नाट्य आहे माणसात! स्टाफरूममध्ये मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण पुढच्या वर्षी तुम्ही फळा पुसला नाहीत. वाक्यं तशीच ठेवून निघून आलात, आणि नंतर दर वर्षी तसंच. मी भांडले. "मुलं विचारतात सर, खरं काय झालं? त्या शिक्षकाने माफी मागितली का? त्यांना शेवट कळायला नको?" तुम्ही म्हणालात, "शेवट दिला की पोरं वह्या मिटतात." मी म्हणाले, "मग पहिल्या वर्षी का दिलात?" तुम्ही म्हणालात, "त्या वर्षी फळा फार भरला होता." मी चिडून केबिनमधून बाहेर पडले. खरं सांगू? मला शेवट मुलांसाठी नको होता. मला स्वतःला हवा होता. मी लिहिलेल्या केसचा शेवट मलाच माहीत नव्हता.

म्हणून तुम्ही गेल्यावर मी ठरवलं होतं, ‘तिसरी भाषा’ बंद. जिवंत माणसाची चिरफाड तो स्वतः समोर उभा राहून करवून घेत होता, ती गोष्ट वेगळी. आता तुम्ही उत्तर द्यायला नसताना साठ पोरांनी तुम्हाला उद्धट म्हणायचं आणि मी ते फळ्यावर लिहायचं, हे मला जमणार नव्हतं. दुसरी केस काढून ठेवली होती. भाभींना भेटायला घरी गेले तर त्यांनी तुमची लाल पेनं माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "आता तुम्हीच वापरा, ते सारखं म्हणायचे, वानखडे बाईंची पेन्सिल फिकी आहे." तरी माझा निर्णय बदलला नाही. बदलला तो शोकसभेनंतर, जिन्यात.

निलेश आला होता. सात वर्षांत अंगाने भरला आहे. चाकणला कारखान्यात नव्या कामगारांचं ट्रेनिंग तोच बघतो. मला नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, ती केस अजून शिकवता ना?"

मी म्हटलं, "कुठली केस?"

"‘तिसरी भाषा’. अमोलची. म्हणजे माझी," तो हसला. "सरांनी फोन केला होता मला, तुम्ही ती लिहिली त्या वर्षी. म्हणाले, गुरुवारी साडेअकराला सुट्टी मिळेल का? मागच्या रांगेत येऊन बसा. बोलायचं काही नाही. मी मनात म्हटलं, आता आणखी काय ऐकवतात. पण आलो. पूर्ण लेक्चर बसलो. पोरं सरांना काय काय बोलत होती, आणि सर लिहून घेत होते! मला तर भीती वाटायला लागली होती. मग त्यांनी बोर्ड पुसला."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

सर, मी तिथेच होते. दाराजवळच्या खुर्चीत, तुमच्याकडे तोंड करून. एकदा मान वळवून वर बघितलं असतं तर तो दिसला असता. तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर माफी मागितलीत आणि मी तिला अध्यापनाचं कौशल्य समजले, वर टाळ्या वाजवल्या! साठ पोरांकडून स्वतःला दोषी ठरवून घेतलंत, त्यांच्याकडूनच वाक्य तयार करून घेतलंत आणि ज्याचं होतं त्याला दिलंत. अब्बांचा हात तुम्हाला नव्हता असं पुन्हा म्हणू नका. आणि मला सांगितलं नाहीत, कारण ते माझ्यासाठी नव्हतंच.

जिन्यात मला राहवलं नाही. निलेशला म्हणाले, "मलाही तुला काही सांगायचं आहे. त्या दिवशी मी पण हसले होते." सात वर्षांत हे मी कुणाला बोलले नव्हते. आठ पानांत ‘वर्ग हसला’ असं लिहिलं आणि स्वतःला वर्गात लपवलं. तुमचा समासातला प्रश्न पेन्सिलीने मिटवून टाकला. संवाद शिकवणारी मी, परीक्षक म्हणून बसलेली, आणि तुमच्या त्या वाक्यावर मला खरंच हसू आलं होतं. ते वाक्य चटकदार होतं, म्हणून.

निलेश म्हणाला, "माहीत आहे मॅडम. तुमचं हसू तर कॅन्टीनपर्यंत जाते." मग जिन्याच्या कठड्याकडे बघत, आमच्याकडच्या बोलीत, "सर पुण्याचे. ते असंच बोलतात हे सिनिअर्सनं सांगितलं होतं. तुम्ही आपल्याकडच्या. म्हणून तुमचंच जास्त लागलं मले."

तो रागाने बोलला नाही. वर्षानुवर्षं मी तुमच्याशी भांडत होते की तुमच्या कोरड्या बोलण्याने माणसं दुखावतात, आणि ज्याला दुखवलं तो सांगत होता की माझं ओलं, मोकळं, वऱ्हाडी हसू त्याला जास्त लागलं. तुम्हाला हे माहीत होतं. तुम्ही त्या दिवशी माझ्या शेजारी बसला होतात, माझं हसू तुमच्या कानातच गेलं असणार. म्हणून तर तो प्रश्न. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, "बाई, माझ्यावर केस लिहिता आणि स्वतःला वगळता?" तुम्ही फक्त ‘उल्लेख हवा’ लिहून वाट बघितलीत. इतकी वर्षं वाट बघितलीत, आणि तेवढ्या वर्षांत माझ्याशी एकदाही वाकडं वागला नाहीत. ह्यासाठी तुमचे आभार मानायला हवे होते आणि मी ‘उद्या बोलू’वर तुम्हाला जाऊ दिलं.

तर ठरलं ते असं. उद्या ‘तिसरी भाषा’च शिकवणार. पोरं राजेंना काय म्हणायचं ते म्हणोत, मी लिहून घेईन आणि ‘आणखी?’ म्हणेन. तुम्ही हे सहन केलंत, मला तुमच्यासाठी नाजूक होण्याचं कारण नाही. शेवट सांगणार नाही. ह्या भांडणात तुम्ही जिंकलात, लिहून देते. ‘ताई’वाल्या भांडणात मात्र हार मानलेली नाही.

पण केस बदलली आहे. आज दुपारी तुमच्या लाल पेनाने पाचव्या पानावरची माझी पेन्सिल खोडली आणि वाक्य घातलं: "प्राध्यापक राजेंच्या शेजारी दुसऱ्या परीक्षक, प्राध्यापिका वाघ, बसल्या होत्या. त्या संवादकौशल्य शिकवत. त्याही हसल्या, सगळ्यांत मोठ्याने." आणि शेवटच्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न: आता प्राध्यापिका वाघ यांनी काय करावं? साठ प्रती नव्याने काढून आणल्या आहेत. गरम आहेत अजून.

मग निलेशला फोन केला. म्हटलं, "उद्या साडेअकराला जमेल का? मागच्या रांगेत बस. बोलायचं काही नाही." तो म्हणाला, "हाफ डे टाकतो मॅडम."

पोरं वाक्यं सांगतील. त्यांतलं एखादं माझ्याहून चांगलं असेल तर तेच घेईन आणि फळा पुसेन. पण रिकाम्या हाताने जायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून माझं तयार ठेवलं आहे. मोठ्याने म्हणून बघते, कुठे पोकळ वाजलं तर तुम्ही टोकालच.

"निलेश, तू एकटा पडला होतास आणि तुझ्या बाजूने उभं राहणं माझं काम होतं. मी हसले. चूक माझी आहे."

आणि सर, हे तुमच्यासाठी. तुमच्या चुकीवर मी आठ पानं लिहिली आणि माझ्या चुकीसाठी तुम्ही समासात जागा ठेवलीत. ती जागा मी आज भरली.

— सुनंदा वानखडे